आबासाहेब जेवत नाहीत

१६ जानेवारी १९९१, बुधवार

बोलून बसले! आता शब्द फिरवता येत नाही.

ह्यांचं तेरावं झालं आज. माणसं जेवून हात धूत होती, तेवढ्यात शशिधर भावजींनी — ह्यांचे धाकटे भाऊ, नॉटिंगहॅमला बाळंतपणाचे मोठे डॉक्टर — सगळ्यांसमोर विषय काढला. "वहिनी, आता हे घर विकायचं आणि राजीवकडे मिल्टन कीन्सला जायचं. जयंताची शेवटची इच्छा हीच असणार." असणार! हे सकाळी दाराबाहेरच्या दुधाच्या बाटल्या आत घ्यायला गेले आणि उंबऱ्यातच कोसळले. इच्छाबिच्छा सांगायला वेळ कुठे होता त्यांना?

राजीव, माझा एकुलता एक, मान खाली घालून बसला होता. "आई, गॅरेजवरची रूम तुझ्यासाठीच केलाय आम्ही." सून मीनल म्हणाली, "सेपरेट हीटिंग आहे, आई."

मी म्हटलं, मी येणार नाही. झालं! एकटी कशी राहाल, जिना आहे, बर्फ पडतं, पडलात-बिडलात तर. एक जण थांबला की दुसरा सुरू. माझं डोकं फिरलं. मागच्या खोलीकडे हात केला आणि म्हटलं, "त्याचं काय करू? तो जेवत नाही. अशा जिवाला हलवतात का? ज्या दिवशी साप जेवेल, त्या दिवशी मी बॅग भरेन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, काय पण नामी तोड काढली!

आता इथे एकटी बसल्यावर कळतंय काय करून ठेवलं ते.

१७ जानेवारी

टीव्हीवर युद्ध सुरू झालं. भावजींचा फोन आला तेव्हा वाटलं आखाताबद्दल बोलतील. नाही! सापाबद्दल.

"वहिनी, दहाव्याला काय झालं आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं? कालव्याच्या काठी भाताचा पिंड ठेवून आम्ही कुडकुडत उभे. कावळा शिवला की गेलेल्या माणसाचं काही राहिलं नाही म्हणायचं. एरवी कॉव्हेंट्रीत पायलीचे पन्नास कावळे — त्या दिवशी एक येईल तर शपथ! भावजी हात जोडून एकेक वचन देत होते. वहिनींना अंतर देणार नाही, राजीवच्या पाठीशी उभा राहीन. शेवटी एक मॅगपाय उतरला, अर्धा पिंड चोचीत घेऊन उडाला. काळापांढरा पक्षी, लांब शेपटी. हा चालतो का? विचारायला गुरुजी कुठले? मी म्हटलं, इंग्लंडात चालतो, चला घरी.

भावजींच्या मनात ते राहूनच गेलंय. आता त्यांचं म्हणणं — कावळा शिवला नाही आणि सापही शिवत नाही. जयंताचा जीव अडकलाय.

"अडकला असेल तर ह्याच घरात अडकलाय," मी म्हटलं. "मग घर कशाला विकता?" फोन आपटला. बरं वाटलं.

२१ जानेवारी, सोमवार

कामावर गेले. सुतक संपलं, घरात बसून काय भिंती मोजायच्या? ("इतक्यात? लोक काय म्हणतील?" — मीनल नव्हे, भावजी. त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.)

अठरा वर्षं मी शाळेत डिनर लेडी आहे. जन्मभर मिन्स, म्हणजे खिमा, वाढला, चाखला कधी नाही. न जेवणाऱ्या पोराला जेवायला लावायचं हाच माझा धंदा. डोरीन, माझ्या शेजारी कस्टर्ड वाढते ती, मला म्हणाली, "सापाचंही पोरासारखंच असणार, लव्ह. तू बघत बसलीस की नाही खाणार." खरंय. तोंडाकडे टक लावून बसलं की पोर ताट ढकलतं. आणि फसवतातही! वाटाणे मोज्यात, बटाटा खिशात, मांस बाकाखाली. माझा राजीव फ्लॉवरची भाजी कुंडीत पुरायचा. मनी प्लँट का पिवळा पडतोय म्हणून हे हैराण.

संध्याकाळी गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ऊन केला, चिमट्याने सापाच्या काचेच्या पेटीत ठेवला, खोलीला पडदा लावला आणि बाहेर आले. वळून पाहिलं नाही.

झोपायच्या आधी पाहिलं, तर तो उंदीर तसाच.

२२ जानेवारी

कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते, हा साप आला कुठून ते. लोक रिटायर झाल्यावर अ‍ॅलॉटमेंट घेतात, म्हणजे भाड्याने बागेचा तुकडा, टोमॅटो लावतात. ह्यांनी चाळीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढली आणि गेल्या नोव्हेंबरात रिटायर झाल्याबरोबर अजगर आणला! रॉयल पायथन. आफ्रिकेतून नुकताच उतरलेला, चार फुटी, मनगटाएवढा जाड, अंगावर चॉकलेटी नक्षी. मी तीन दिवस बोलले नाही ह्यांच्याशी. हे पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचे. "बघ ग, दादरच्या आपल्या घरमालकासारखा आहे. सगळं बघतो, बोलत काही नाही." म्हणून नाव आबासाहेब.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी ह्यांच्या हातून एक उंदीर खाल्ला. हे लहान मुलासारखे ओरडले, "सुमन, जेवला!" मी तेव्हा पोळ्या करत होते. बघायलासुद्धा गेले नाही.

तेवढंच त्याचं जेवण. मग हे गेले.

२७ जानेवारी, रविवार

सगळे आले होते. नवस बोलायला! खोटं नाही लिहीत.

उंदीर पेटीत ठेवलेला. भावजी पेटीसमोर चपला काढून उभे राहिले — चपला काढून! — आणि हात जोडून म्हणाले, "जयंता, वहिनींची काळजी करू नकोस. घर चांगल्या माणसालाच विकू." साप ढिम्म. मग म्हणाले, "तुझी पुस्तकं मी नेईन." तरी ढिम्म. मग राजीवला पुढे ढकललं. तो बिचारा इथेच जन्मला, त्याला काय माहीत काय बोलायचं! "बाबा, आई विल बी फाइन विथ अस. प्रॉमिस."  मला गलबलून आलं. पण एक पाहिलं मी — ज्याने त्याने आपल्या सोयीचंच वचन दिलं. "वहिनी म्हणतील तसं करू" असं कुणाच्या तोंडातून आलं नाही.

तेवढ्यात किचनमधून किंकाळी! मीनलला आमटीत घालायला खोबरं हवं होतं. फ्रीझरमधला आइस्क्रीमचा डबा उघडला तिने. आपल्याकडे आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधी असतं का? खोबरं असतं, पुरण असतं, मटार असतात. पण ह्या डब्यात उंदीर होते. चूक माझीच, लेबल लावायला हवं होतं. हे गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले — पोट धरून, दाराला टेकून. सगळ्यांना वाटलं मी रडतेय. डॉक्टरसाहेब पाणी घेऊन धावले.

२ फेब्रुवारी

पेट शॉपच्या कीथकडे गेले. दंडावर गोंदलेला सरडा असलेला हा पोरगा ह्यांना "जे" म्हणायचा. ह्यांचं कळल्यावर हातातलं सगळं काउंटरवर ठेवलं त्याने.

म्हणाला, रॉयल हट्टी असतात. महिनोन् महिने जेवत नाहीत. नर तर हिवाळाभर उपाशी राहतात. उष्णता वाढवा, लपायला उलटी कुंडी ठेवा, हात लावू नका. अगदीच नाही तर तोंड उघडून आत ढकलावं लागेल.

मी म्हटलं, नाही. जबरदस्तीने मी कुणाच्या तोंडात घास कोंबला नाही आजवर. शाळेत मागच्या हेडमिस्ट्रेस म्हणायच्या, ताट संपेपर्यंत पोराला उठू द्यायचं नाही. त्यांची पाठ वळली की मी ताट उचलून घ्यायची. सापासाठी आता नियम बदलू?

८ फेब्रुवारी, शुक्रवार

बर्फ! गुडघाभर. शाळा बंद, बस बंद. दुपारी वीज गेली.

पहिला विचार — आबासाहेबांची विजेवर तापणारी गादी गार पडेल! गॅसवर पाणी तापवलं, रबराच्या पिशवीत भरलं, पिशवी ह्यांच्या मफलरमध्ये गुंडाळून पेटीत ठेवली. तर हा उलट्या कुंडीखालून सरकत सरकत आला आणि पिशवीवर वेटोळं करून बसला. मी पेटीला टेकून खाली जमिनीवर बसले, अंगात ह्यांचा ओव्हरकोट. दोघं एकमेकांकडे बघत. बाहेर आवाज म्हणून नाही.

आणि तेव्हा जाणवलं. ह्याने खाल्लं तर मला हे घर सोडावं लागेल. नाही खाल्लं तर हा मरेल. ह्यांनी आणलेली शेवटची वस्तू — वस्तू काय, जीव — माझ्या हातून जाईल. काय मागू मी देवाकडे? खा म्हणू की नको खाऊस म्हणू?

मिल्टन कीन्स म्हणजे काय, तर रस्त्यातलं गोल चक्कर, मग पुन्हा गोल चक्कर, मग आणखी एक. मला गाडी येत नाही. तिथे पायी निघालं की माणसं काच खाली करून विचारतात, हरवलात का? राजीव-मीनल सकाळी आठला जाणार, अंधार पडल्यावर येणार. मी गॅरेजवर बसणार, हीटिंग चालू करून. इथे मी स्वतःच्या पायांनी कामावर जाते. फोलशिल रोडवरचा दुकानदार मेथी आली की मला हाक मारतो. डोरीन आहे. उंबऱ्यात हे आहेत.

वीज पाचला आली. मीनलचा फोन. "आई, जेवलात का?" हो म्हटलं. टोस्ट होता. अर्धा.

९ फेब्रुवारी

खा रे बाबा. माझं मी बघून घेईन.

२४ फेब्रुवारी

भावजी तपासायला आले. डॉक्टर म्हणून! पेटीपासून दोन हात लांब उभे राहिले, पुढे काही पाऊल पडेना. मी झाकण उघडून साप हातावर घेतला. (होय, घेते मी आता. कोरडा असतो, गार नसतो, आणि जीभ लागली तरी काही होत नाही.) किचनच्या काट्यावर ठेवला. ह्यांनी टिपून ठेवलं होतं त्याहून वजन घटलेलं नाही. उलट थोडं जास्तच भरलं! इतके दिवस उपाशी, आणि वजन वाढतंय?

"जलोदर," भावजी दारातून म्हणाले. "पोटात पाणी होतंय. शोकाने सुद्धा होतं असं, वहिनी. जयंताच्या हातचंच खायचं होतं त्याला."

"मग माझ्या अंगावर का नाही मांस चढत शोकाने?" मी विचारलं.

त्यांना राग आला. येऊ दे. पण जाताना फाटकाशी थांबून रुमालाने डोळे पुसत होते. त्यांचाही भाऊच होता.

३ मार्च

हल्ली आबासाहेब विचित्र झोपतात. उताणे! पिवळं पोट वर, गादीच्या ऊन कोपऱ्याला चिकटून. मेला म्हणून मी किंचाळले, तर डोकं वळवून माझ्याकडे बघितलं, आमच्या घरमालकानं भाडं मागायला यावं तसं.

कीथला फोन केला. म्हणाला, असं कधी पाहिलं नाही. चांगलं लक्षण नसावं.

१० मार्च, रविवार

आज इकडचा मदर्स डे. राजीव एकटाच आला, डॅफोडिल्स घेऊन. बरोबर जेवलो. पिठलं-भात. म्हणाला, "आई, आज मी ट्राय करतो. यू रेस्ट." उंदीर गरम करून मागच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं.

मी भांडी घासत होते. बऱ्याच वेळाने बाहेर आला. "खाल्ला! आई, साप खाल्ला!" मला मिठी मारली.  मी आत धावले. चिमटा रिकामा. पेटीत उंदीर नाही. आबासाहेब कुंडीखाली गोळा होऊन बसलेले.

मला आनंद झाला. खरंच झाला, आधी तोच झाला. माझ्या तोंडून निघालं, "जेवला!" आणि ह्यांचा आवाज कानात आला. ह्या वेळीही मी बघायला नव्हतेच.

मग राजीव हळूच म्हणाला, "सो... डील इज डील ना?"

शब्द दिला होता. माळ्यावरून बॅग काढली.

१४ मार्च

घराबाहेर बोर्ड लागला. फॉर सेल. उंच पांढरा खांब, गुलाबाच्या वाफ्यात ठोकलाय. माणसाने विचारलंसुद्धा नाही कुठे ठोकू.

डोरीनला सांगितलं. कस्टर्डचा डाव तसाच हातात धरून उभी राहिली. रांगेतल्या पोरांना काही कळेना.

१५ मार्च

मागच्या खोलीत वास. दोन दिवस येतोय. आज नाक धरून शोधला. पेटीतून नाही. गालिच्यातून नाही. खिडकीशी रबर प्लँट आहे ह्यांचा, त्याच्या कुंडीतून! माती उकरलेली, वर नीट थापटलेली.

चमच्याने उकरलं. पांढरा उंदीर.

फ्लॉवरची भाजी पुरणारा! बत्तीस वर्षांचा घोडा झाला, कॉम्प्युटरमध्ये साहेब झाला, पण लपवायची जागा तीच! अरे, शेकडो पोरांच्या मोज्यांतून वाटाणे काढलेत मी, आणि तू मला फसवतोस? माझ्याच घरात, माझ्याच कुंडीत?

हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं. मग बॅग उघडली आणि एकेक पातळ परत कपाटात लावलं. चांगलं चापूनचोपून.

१७ मार्च, रविवार. गुढीपाडवा

वर्षभर सण करायचा नाही. भावजींनी काल मुद्दाम फोन करून आठवण दिली, विधवेने तर नाहीच नाही. राजीव अकराला येणार होता, घर बघायला कोणी येणार म्हणून.

मी पहाटे उठले, न्हाले. गुढीला काठी हवी. ह्यांची काठी होती ती गेल्या वर्षी मोडली. बाहेर बघितलं तर काय झकास काठी उभी! सरळ, उंच, पक्की ठोकलेली. ह्यांची स्टेपलॅडर लावली, चढले (जिना चढता येणार नाही म्हणे मला!) आणि बोर्डाच्या खांबालाच माझा लग्नातला हिरवा शालू बांधला. चांगला पसरून, की फॉर सेलमधलं एक अक्षर दिसता कामा नये. वर तांब्या पालथा घातला. कडुलिंब नाही, कढीपत्ता. गाठी इथे मिळत नाहीत, हे दरवर्षी भोकाच्या पेपरमिंटची माळ ओवायचे. मीही ओवली. हळद, कुंकू, फूल. मग रस्त्यात उभी राहून मान वर करून बघितलं. काय दिसत होती! समोरचा म्हातारा टोपी काढून म्हणाला, "व्हेरी नाइस, मिसेस."

राजीव आला, गाडीतून उतरेचना. मग उतरला. "आई, व्हॉट इज धिस?"

"पाडवा आहे. आत ये. तुला काही दाखवायचंय."

टेबलावर रबर प्लँटची कुंडी ठेवली होती. चमच्यासकट.

लालबुंद झाला.  मग एकदम रडायलाच लागला. "मी फोन करतो आणि तू उचलत नाहीस — तेव्हा मला काय होतं, यू डोन्ट नो. बाबा दारात पडला होता अर्धा तास, आई. अँब्युलन्सवाल्याने सांगितलं मला. तू वर झोपली होती. कोणाला माहीत नव्हतं."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अर्धा तास. मी वर होते. मला काही ऐकू आलं नव्हतं.

त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पण जे बोलायचं ते बोललेच. "रोज दोनदा फोन कर. डोरीनकडे किल्ली देते. पण खोटं बोलून मला इथून उचलू नकोस. मी पण चुकले, माझं भांडण तुझ्याशी होतं, ते त्या मुक्या जिवाच्या गळ्यात घातलं. आता ऐक. साप जेवो, न जेवो, मरो, जगो — मी ह्या घरातून जाणार नाही. हे घर तुझ्या बाबांचं नव्हतं नुसतं. माझंही आहे."

न जेवता गेला. घर बघायला आलेली माणसं गुढीसमोर उभी राहिली, पत्ता चुकला म्हणून निघून गेली.

१८ मार्च

एजंटला स्वतः फोन केला. माझ्या इंग्रजीत. बोर्ड काढा. गुढी संध्याकाळी उतरवली, तुम्ही पण उतरवा.

२४ मार्च

राजीवचा फोन नाही. रोज दोनदा कर म्हटलं होतं, एकदाही नाही. भावजींचा आला. "पाडव्याला काय केलंत ते सगळ्या महाराष्ट्र मंडळात कळलंय." म्हटलं, फोटो हवा असेल तर सांगा.

आबासाहेबांना सांगितलं, आता काही अट नाही रे. मोकळेपणी जेव. उंदीर नाकाशी नेला. तोंड फिरवलं.

३१ मार्च

घड्याळं पुढे केली. ह्यांचं मनगटी घड्याळही केलं. कोणी घालत नसलं म्हणून काय झालं?

फोन नाही.

५ एप्रिल

आज धीर सुटला. आबासाहेब फुगलेत, शेपटीकडचं अर्धं अंग टणक लागतं, आणि अंग सतत तापलेल्या गादीवर. कीथ घरी आला बघायला. डोकं खाजवलं. "नळीने भरवून बघू का? लास्ट चान्स, मिसेस जे."

नाही म्हटलं. तो गेल्यावर बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. नाही म्हणणं सोपं आहे. सगळ्यांना नाही म्हटलं मी — भावजींना, मुलाला, कीथला. मुलगा फोन करत नाही, साप मरायला टेकलाय, आणि मी आपली ताठ. खरंच ह्यांचं काही राहिलं असेल का? मी ऐकलं नाही असं काही? त्या अर्ध्या तासात त्यांनी हाक मारली असेल का?

पण तरी नाहीच. घर सोडून त्याचं उत्तर मिळणार आहे थोडंच? मरायचं असेल तर त्याने इथे मरावं, ऊबेत, कोणी तोंडात काही न कोंबता. मी शेजारी बसेन. ह्यांच्या शेजारी बसायला मिळालं नाही.

९ एप्रिल, मंगळवार

अंडी! सहा! पांढरी, माझ्या मुठीएवढी, एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्याभोवती आबासाहेब — बाईसाहेब — वेटोळं घालून बसलेल्या. कीथ फोनवर ओरडलाच. आफ्रिकेतून येतानाच पोटात घेऊन आली असणार म्हणाला. पोटुशीच होती म्हणून जेवत नव्हती. कसला शोक आणि कसलं काय! अंडी फुटेपर्यंत आता अजून दोन महिने जेवणार नाही, आणि तिला हात लावायचा नाही.

भावजींना फोन करून अंड्यांचं सांगितलं. "जन्मभर बायकांची बाळंतपणं केलीत ना तुम्ही?"  भावजी हसले. मोठ्याने, अगदी ह्यांच्यासारखे.

राजीवला केला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला. ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "मी येतो. नेण्यासाठी नाही. बघायला. काय आणू?"

म्हटलं, डिंक आहे घरात. सुकं खोबरं आण, खारका आण. बाळंतिणीचे लाडू करते.

"पण आई, ती तर काही खात नाही!"

"ती नाही. मी खाणार आहे."